माहेर कुठलं आणि सासर कुठलं? गूढ पदांतली प्रतीकं उलगडताना (आषाढीच्या वाचनासाठी मदत हवी)

दौलतगंजची ओसरी
नमस्कार मंडळी. आषाढीच्या संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाचनगटाचा दीड तासाचा कार्यक्रम ठरलाय. विषय आहे संतांच्या गूढ रचना आणि त्यांतली प्रतीकं. श्रोते चाळीसेक. निम्मे वयस्कर, घरात गाथा असलेले. उरलेली मुलं हिंदी माध्यमातली. त्यांना कबीर ऐकून माहीत आहे, एकनाथांचं भारूड मात्र अजिबात नाही.

निवड सध्या अशी आहे. ज्ञानदेवांचे ‘पैल तो गे काऊ’, ‘घनु वाजे घुणघुणा’ आणि ‘काट्याच्या अणीवर’. मुक्ताबाईंचं ‘मुंगी उडाली आकाशी’. नाथांची ‘विंचू चावला’ आणि ‘सत्वर पाव गे मला’ ही दोन भारुडं. कबिराची ‘झीनी झीनी बीनी चदरिया’. आणि शेवटी आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून भा. रा. तांब्यांची ‘नववधू प्रिया मी बावरते’.

एका पानावर प्रतीकांचा तक्ता छापून वाटावा असं गटात ठरतंय. हंस म्हणजे जीव, साप म्हणजे कुंडलिनी, सासर म्हणजे परलोक, पाच म्हणजे पंचेंद्रियं, असा. कच्चा तक्ता तयार आहे. छापायच्या आधी जाणकारांनी नजर टाकावी.

औटहात
ओसरीताई, एकच रकाना असलेला तक्ता छापू नका. तुमच्या निवडीतल्या आठ रचनांतच तो तीन ठिकाणी तोंडावर पडेल.

सासरच घ्या. कबिराच्या परंपरेत नैहर म्हणजे हे जग. ‘नैहरवा हम का न भावे’ म्हणणारी सून साईच्या नगरीला निघालीय. देव नवरा, जीव नवरी, म्हणून सासर हेच खरं घर. तांब्यांची नववधूही याच वाटेवरची. माहेर सुटत नाही, सासरची ओढ आहे, पाऊल पुढे पडतं आणि मागे फिरतं. इथपर्यंत तुमचा तक्ता बरोबर.

आता नाथांकडे या. ‘माझे माहेर पंढरी.’ ज्ञानदेव म्हणतात, ‘भेटेन माहेरा आपुलिया.’ इथे देव माउली आहे, म्हणून देवाचं घर ते माहेर. मग सासर आपोआप प्रपंच झालं. ‘सत्वर पाव गे मला’ मधली सासू, जाऊ, दादला ही सगळी जाचाची माणसं आहेत. सासर म्हणजे परलोक हा अर्थ तिथे लावलात तर ती बाई भवानीआईकडे परलोकातून सुटका मागतेय असं होईल.

म्हणजे दोन परंपरांत हे जोडशब्द बरोबर उलटे बसतात, आणि कारण एकच: देवाशी नातं कुठलं धरलंय. आई धरली की परतायचं, नवरा धरला की निघायचं. आपल्याकडच्या मुलांचा कान हिंदीवर तयार झालेला, त्यामुळे ती नाथांना कबिराच्या चष्म्यातून वाचणार हे नक्की. ग्वाल्हेरात हा घोळ पुण्यापेक्षा जास्त होतो.

आणखी एक. ज्ञानदेव स्वतः दोन्ही नाती वापरतात. पंढरीला माहेर म्हणणारेच विराणीत प्रियकराची वाट पाहणारी स्त्री होऊन बोलतात. तेव्हा नुसतं ‘वारकरी’ असं लेबल लावूनही भागत नाही. दर पदाला विचारावं लागतं, बोलणारी कोण आणि कुणाशी बोलतेय.

दौलतगंजची ओसरी
बापरे. आणि उरलेल्या दोन जागा?

दोरीचा साप
एक मी सांगतो, नावातच आहे.

साप म्हणजे कुंडलिनी हे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात चोख बसतं. ‘नागाचें पिलें, कुंकुमें नाहलें, वळण घेऊनि आलें, सेजे जैसें’, आणि लगेच पुढे ‘मोटकी औट वळणी, अधोमुख सर्पिणी’. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन वेटोळी, तोंड खाली, निजलेली. इतका नेमका तपशील असला की शंका उरत नाही.

पण सोहिरोबानाथ आंबियांचं ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे’ घ्या. त्यात ‘दोरीच्या सापा भिवुनी भवा’ आहे. हा साप वेदान्तातला, रज्जुसर्प. तो मुळात नाहीच, अंधारात दोरीवर दिसतो. म्हणून पुढच्याच ओळीत दिवा येतो, ‘अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे’. या सापाला कुंडलिनी म्हटलं तर दिव्याला काही कामच उरत नाही. कुंडलिनी दिव्याने नाहीशी होत नाही, आणि ती जागी व्हावी अशीच इच्छा असते.

जाता जाता, सोहिरोबा सावंतवाडीकडच्या बांद्याचे, पण महादजी शिंद्यांच्या दरबाराशी त्यांची गाठ पडल्याची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. महादजी स्वतः पदं रचत. ‘अवधूत, नहीं गरज तेरी’ हे सोहिरोबांचं हिंदी पद त्याच प्रसंगाशी जोडतात. स्थानिक धागा हवा असेल तर तांब्यांच्या जोडीला हे घ्या, किंवा तांब्यांऐवजी.

करताल
तक्ता नको हे मान्य, पण मग मुलांच्या हातात द्यायचं काय? ‘अनुभवाने कळेल’ असं म्हटलं की मुलं मोबाइल काढतात.

औटहात
पद्धत द्यायची. मी पायऱ्या लिहितो, त्या एका कूटावर, म्हणजे कोड्यासारख्या पदावर, करून दाखवल्या की पुढची मुलं स्वतः करतात.

पहिली पायरी, पद हाताने उतरवून घ्यायचं, एका ओळीत एक चरण. छापील गाथेत दोन-दोन चरण जोडलेले असतात आणि जोड्या नजरेतून निसटतात.

दुसरी, नामांखाली एक रेघ, क्रियापदांखाली दोन. लोक नामांवरच झडप घालतात, मुंगी म्हणजे कोण, विंचू म्हणजे कोण. खरं काम क्रियापद करतं.

तिसरी, शेवटचा चरण आधी वाचायचा. ‘ज्ञानदेव म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘मुक्ताई हांसली’ या नाममुद्रेच्या ओळीत बहुतेक वेळा किल्ली असते, किंवा किल्ली नाही अशी सूचना असते.

चौथी, पदात उघड सांगितलेले अर्थ वेगळे काढायचे. नाथ पहिल्याच ओळीत ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हणतात. तिथे विंचू कोण यावर चर्चा कसली?

पाचवी, उरलेल्या नामाला अर्थ लावून पाहायचा आणि लगेच क्रियापदावर ताडायचा. अर्थ घातल्यावर क्रिया खरी ठरली पाहिजे. विंचू म्हणजे काम-क्रोध, तर ‘चावला’ बसतं, ‘घाम आला’ बसतं, ‘उतारा’ही बसतो. नाम बसलं आणि क्रियापद लटकलं तर अर्थ टाकून द्यायचा, कितीही सुंदर असो.

पाच पायऱ्यांपैकी पाचवी गाळतात म्हणून गल्लत होते. व्हॉट्सॲपवर फिरणारे बहुतेक ‘गूढार्थ’ या पायरीला गळतात.

मुरार कँटीन
विंचवाच्या शेवटाकडे मुलांचं लक्ष जरूर वेधा. उताऱ्यात ‘तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा’ एवढ्यावर विंचू उतरायला हवा होता. पण शेवटच्या कडव्यात तमोगुण सारल्यावरही ‘किंचित राहिली फुणफुण’, आणि ती ‘शांत केली जनार्दने’. सत्त्वसुद्धा गुणच. त्याने वेदना उतरते, ठणका राहतो. तो गुरूने शमवायचा. हे कडवं बहुतेक सादरीकरणात हशा-टाळ्यांच्या नादात गाळलं जातं आणि भारूड अर्धं राहतं. नाटकीपणा हवा तेवढा करा, पण फुणफुणीच्या ओळीला आवाज खाली आणा.

दौलतगंजची ओसरी
औटहात, मुंगीवर करून दाखवाल का? ते पद आमच्यात सगळ्यात जास्त भांडणाचं आहे. एक गट म्हणतो मुंगी म्हणजे जीव, दुसरा म्हणतो सूक्ष्म वृत्ती.

औटहात
करतो. पद छोटं आहे.

मुंगी उडाली आकाशी, तिणें गिळिलें सूर्यासी.
थोर नवलाव झाला, वांझे पुत्र प्रसवला.
विंचू पाताळासी जाय, शेष माथां वंदी पाय.
माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हांसली.

क्रियापदं पाहा: उडाली, गिळिलें, प्रसवला, जाय, वंदी, व्याली, झाली, हांसली. आता जोड्या: मुंगी-सूर्य, वांझ-पुत्र, विंचू-शेष, माशी-घार. पहिलीत लहानाने मोठ्याला गिळलं. चौथीत लहानातून मोठं जन्मलं. म्हणजे गिळणं आणि व्याणं अशी एकमेकांची उलट क्रिया पदाच्या दोन टोकांना ठेवलीय. दुसरीत जिच्यातून काही निघू शकत नाही तिच्यातून निघालं. तिसरीत विषारी, सरपटणारा जीव खाली गेला आणि ज्याच्या डोक्यावर पृथ्वी आहे त्यानेच नमस्कार केला.

आता मुंगी जीव धरा, सूर्य म्हणजे आत्मज्ञान किंवा ब्रह्म. ‘गिळणं’ बसतं, जिवाने ब्रह्म आपल्यात सामावलं. वृत्ती धरली तरी बसतं. दोन्ही अर्थ पाचव्या पायरीला टिकतात. तर भांडू नका, दोन्ही सांगा. वांझ म्हणजे माया हा अर्थ रूढ आहे आणि तोही टिकतो, मायेतून खरं काही जन्मत नाही आणि तरी बोध जन्मला. पण माशीला आणि घारीला वेगळे नाव-पत्ते शोधायला गेलात की ओढाताण सुरू. तिथे थांबा. ‘लहानातून मोठं’ ही क्रियाच तिथला अर्थ आहे.

आणि शेवटी मुक्ताबाई समजावत नाही, हसते. किल्ली नाही याची सूचना हीच.

पाठभेद
एक मोजणी जोडतो. हा लहान अभंग, चरणात आठ अक्षरं. मुं-गी-उ-डा-ली-आ-का-शी आठ, ति-णें-गि-ळि-लें-सू-र्या-सी आठ. शेवटच्या चरणाआधीपर्यंत सगळे आठ. ‘देखोनि मुक्ताई हांसली’ नऊ आहे. म्हणताना ‘देखोनि’ पटकन घ्या म्हणजे ठेका अडखळणार नाही. ते जुळवायला ‘मुक्ता’ करू नका. गाणाऱ्यांनी चालीसाठी पदं कापायची सवय लावून ठेवलीय, आणि मग तीच कापलेली रूपं इंटरनेटवर मूळ म्हणून फिरतात.

शून्य शहर
आकड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तक्त्यात ‘पाच म्हणजे पंचेंद्रियं’ असं ठेवलंय ना? पाच म्हणजे भूतं असू शकतात, ज्ञानेंद्रियं, कर्मेंद्रियं, प्राण किंवा विषय. शेजारचा शब्द ठरवतो. विंचवाच्या भारुडात ‘पंचप्राण व्याकुळ झाला’ असं स्वच्छ लिहिलंय. चदरियात ‘पाँच तत्त गुन तीनी’, तेही स्वच्छ. तुमच्या निवडीत तरी पाचाला तक्त्याची गरजच नाही.

नऊ आणि दहा मुलांना मोजून दाखवता येतात. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड, खालची दोन, अशी नवद्वारं; दहावं ब्रह्मरंध्र.

२१,६०० आला तर तो अजपा जपाचा, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाचा आकडा. दिवसाची १,४४० मिनिटं, मिनिटाला १५ श्वास. गुणाकार फळ्यावर करा, मुलांना गंमत वाटते.

सहा चक्रांच्या पाकळ्या ४, ६, १०, १२, १६ आणि २, बेरीज ५०. वर्णमालेचं एकेक अक्षर एकेका पाकळीवर ठेवतात म्हणून पन्नास. पण ही मोजणी चदरियावर लादू नका. तिथे कबीर ‘आठ कँवल’ म्हणतो, सहा नाही. सहाच्या तक्त्यात आठ कोंबायचे म्हणून लोक दोन चक्रं कुठून तरी आणतात. कबिराच्या पदांत आकडे वेगवेगळ्या योगपरंपरांतून आलेले आहेत, ते एका गणितात बसवायचे नसतात. ‘अनेक कमळं फिरतायत’ एवढं पुरतं.

चंदेरी काठ
चदरिया समजवायची तर आधी माग समजवा. चंदेरी आपल्यापासून लांब नाही, तरी मुलांना ताणा कुठला आणि बाणा कुठला हे माहीत नसतं.

क्रम असा. चरख्यावर सूत तयार होतं, गुंडाळलं जातं. मग ताणा लागतो, लांबीचे दोर, सगळे आधी ताणून बांधायचे. एकदा लागला की बदलत नाही. कापड किती लांब आणि किती रुंद हे तिथेच ठरतं. मग पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर, अर्धे खाली होतात, मधून धोटा बाणा घेऊन आडवा जातो, आणि फणीने तो धागा ठोकून आधीच्याला चिकटवायचा. चंदेरीत बहुधा ताणा रेशमी आणि बाणा सुती, दोन जातींचे धागे.

आता पद वाचा. ‘इंगला पिंगला ताना भरनी’, भरनी म्हणजे बाणा. इडा-पिंगळा या शरीरातल्या दोन नाड्या, त्या दोन दिशांचे धागे. ‘ठोक ठोक के बीनी’, ही फणी. ‘मास दस लागे’, गर्भाचे दहा महिने. विणकराच्या घरचा माणूस बोलतोय हे प्रत्येक क्रियेत दिसतं. औटहातांच्या पाचव्या पायरीला हे पद धाग्यागणिक उतरतं.

एकच जागा उतरत नाही, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘सुषमन तार से बीनी.’ मागावर दिशा दोनच. ताणा झाला, बाणा झाला, मग सुषुम्नेचा, मधल्या नाडीचा, तिसरा तार कुठे घालायचा? कुठल्याच मागावर त्याला जागा नाही. तो ताणा नाही, बाणा नाही, तरी विणलंय त्यानेच. इतका वेळ चोख धंद्याची भाषा बोलणारा माणूस नेमका इथे माग सोडतो. या ओळीवर थांबा, बाकीवर घाई केली तरी चालेल.

करताल
वा, काठसाहेब.

आता मी वाद घालतो. ‘घनु वाजे घुणघुणा’ हे अनाहत नादाचं, योग्याला आत आपोआप ऐकू येणाऱ्या नादाचं वर्णन आहे, विरहाचं नाही. हठयोगप्रदीपिका या योगग्रंथाच्या चौथ्या उपदेशात नादाचा क्रम दिलाय. आरंभी समुद्र, मेघ, भेरी, झांज यांसारखे. मधे मृदंग, शंख, घंटा, शिंग. शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भ्रमर. घन घुणघुणतो हा आरंभीचा मेघनाद, वारा रुणझुणतो ही शेवटची किंकिणी. पहिल्या दोन चरणांत नादाची दोन्ही टोकं. ज्ञानदेव नाथपंथी, हे त्यांना माहीत नसेल?

औटहात
माहीत असणारच. पुढे वाचा.

चांद, चांदणं, चाफा, चंदन यांपैकी काहीच देवकीनंदनाविना आवडत नाही. चंदनाची चोळी अंग पोळते. फुलांची शेज शीतळ खरी, पण आगीसारखी तापते. कोकिळेला गाऊ देऊ नका. सगळ्या थंडाव्याच्या वस्तू आणि सगळ्या जाळतात. संस्कृत काव्यातल्या विरहिणीचा हा ठरलेला साज आहे, शेकडो वर्षांचा. पहिला चरण नाद, तर चोळी कुठलं चक्र? शेज कुठली नाडी? पाचव्या पायरीला नाम बसेना आणि क्रियापदही बसेना.

विराणीत वस्तू वस्तूच असतात. चंदन हे चंदनच, म्हणून ते पोळतं याला किंमत आहे. त्याला दुसऱ्या कशाचं चिन्ह केलं की पोळणं संपलं.

करताल
मग गूढ कुठे राहिलं त्यात? नुसती विरहाची कविता झाली.

औटहात
शेवटच्या कडव्यात. ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें.’ इतका वेळ तो दिसत नव्हता, आता ही स्वतःलाच दिसत नाही. ‘बापरखुमादेवीवरु विठ्ठलें मज ऐसें केलें.’ भेट झाली असं कुठे म्हटलेलं नाही, फक्त पाहणारी नाहीशी झाली.

याच्या शेजारी ‘पांडुरंगकांती’ ठेवा. तिथे क्षेम द्यायला, मिठी मारायला जाते ‘तंव मीचि मी एकली’. एका पदात आरशात मी नाही, दुसऱ्यात मिठीत मीच. चित्रं उलटी, जागा एकच. गूढ हवंय ना, हे घ्या. त्याला तक्ता लागत नाही, आणि हे पद तक्त्याने उघडतही नाही.

करताल
आरशाचं मान्य. पण पहिल्या दोन चरणांत नादाचा ध्वनी आहे, यावर मी हटणार नाही. कूटासारखा अर्थ म्हणून नसेल, पण नादाचा अभ्यास असलेल्या माणसाने मेघ आणि रुणझुण हे दोनच आवाज शेजारी ठेवावेत हा योगायोग नाही.

औटहात
ध्वनी म्हणून घ्या, हरकत नाही. दोन चरणांवर थांबा एवढंच.

मुरार कँटीन
हाच न्याय कावळ्याला लावा. ‘पैल तो गे काऊ’ मधला कावळा म्हणजे गुरू, कावळा म्हणजे प्राण, असले लेख वाचून वैताग येतो. कावळा ओरडला की पाहुणा येतो हा घरोघरचा शकुन. ती त्याला लाच देतेय: सोन्याने पाऊल मढवीन, दहीभाताची उंडी देईन, दुधाची वाटी ओठाला लावीन. गुरूला कुणी दहीभाताची उंडी दाखवून खरं बोल म्हणतं का? शकुन म्हणून ठेवा. पाहुणा कोण आहे त्यात सगळं आलं.

हजीऱ्याहून
सगळेच तक्ते वाईट असं नाही हं. आपल्या गावातच याचा नमुना आहे. हजीऱ्याजवळ ज्यांचा मकबरा आहे ते शेख मुहम्मद गौस, शत्तारी पंथाचे सूफी, सोळाव्या शतकातले. तानसेनाची कबर त्याच आवारात. त्यांनी ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाचा विषय फारसीत ‘बहर-उल-हयात’ नावाने आणला. त्यात चक्रं, आसनं, ग्रहांशी चक्रांची सांगड आहे, आणि मंत्रांच्या जोडीला अल्लाहची नावं ठेवली आहेत. म्हणजे दोन रकाने. एकाचा शब्द पुसून दुसऱ्याचा लिहिला असं नाही, समोरासमोर ठेवले. ओसरीताईंच्या तक्त्याची अडचण तक्ता असण्यात नाही, रकाना एकच असण्यात आहे.

दौलतगंजची ओसरी
हे पटलं. दोन रकाने करते, एक वारकरी, एक निर्गुणी, म्हणजे कबिराच्या वळणाचा. माहेर, सासर, साप, हंस, वस्त्र एवढेच शब्द ठेवते. कच्च्या तक्त्यातल्या बत्तीस शब्दांचे पाच. हंसाचं काय लिहू?

शून्य शहर
निर्गुणी रकान्यात देह सोडून जाणारा जीव, ‘उड जाएगा हंस अकेला’. कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्यातली निर्गुणी भजनं गायली, त्यामुळे हे पद सगळ्यांच्या कानात आहे. वारकरी-नाथ बाजूला नीरक्षीर निवडणारा विवेक, आणि ‘हंसः’ उलटून ‘सोऽहं’, म्हणजे श्वास. तिथे हंस उडून जात नाही, आतबाहेर करतो. मुलांना हा फरक लगेच कळेल.

दोरीचा साप
साप तीन ओळींत लिहा. निजलेला, साडेतीन वेटोळ्यांचा, तर कुंडलिनी. अंधार, दोरी किंवा दिवा शेजारी असेल तर भ्रम. पृथ्वी डोक्यावर घेतलेला तर शेष. शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय साप उचलू नये.

आजीची पाटी
‘सत्वर पाव’ बद्दल एक सूचना, कारण हॉलमध्ये मुली असणार. सासऱ्याला गावीच खपव, सासूला ने, जावेला बोडकी कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, दादल्याची आहुती देते. हे ऐकून हसू येतं आणि जावेच्या ओळीला ओठ आवळले जातात, तसे आवळायलाच हवेत. विधवेचं केशवपन म्हणजे काय हे न सांगता पुढे जाऊ नका. शिवी आहे ती, त्या काळची खरी शिवी.

अर्थ सांगताना सासू कोण, सासरा कोण याच्या याद्या टीकाकारागणिक बदलतात. म्हणून वजाबाकी दाखवा. एकेक नातं काढत जायचं, शेवटी ‘सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला’. त्या ‘एकटी’वर पद टेकतं. बाकी प्रत्येकाला नाव चिकटवलं नाही तरी बिघडत नाही.

रोडगा म्हणजे काय हे मुलं विचारतील. कणकेचा जाड गोळा, विस्तवावर भाजलेला. आपल्याकडच्या बाटीचा भाऊबंद म्हणा. नवस एवढासा आणि मागणं सगळ्या प्रपंचाचं, यातच नाथांची थट्टा आहे.

करताल
‘काट्याच्या अणीवर’ राहिलंच की.

पाठभेद
ते मी घेतो, कारण त्यात म्हणायची अडचण जास्त आहे.

काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना. वसेचिना तिथे आले तीन कुंभार, दोन थोटे, एकाला घडेचिना. मग तीन मडकी, दोन कच्ची, एक भाजेचिना. तीन मूग, दोन हिरवे, एक शिजेचिना. तीन पाहुणे, दोन रुसले, एक जेवेचिना. साचा कळला ना? तिनांपैकी दोन उघड निकामी, तिसरं ‘होतच नाही’, आणि पुढची ओळ त्या न झालेल्याच्या पायावर उभी राहते. न वसलेल्या गावात कुंभार आले, न भाजलेल्या मडक्यात मूग रांधले.

तीन म्हणजे गुण, तीन देह किंवा जागृती-स्वप्न-सुषुप्ती, रूढ अर्थ हे. पण दरवेळी नवा तीन शोधू नका. अख्खी साखळी मुळात न झालेल्या गोष्टीवर उभी आहे, हेच सांगायचंय. काट्याची अणी म्हणजे मुळात जागाच नाही.

म्हणताना श्वास ‘वसेचिना’नंतर घ्यायचा नाही. ‘वसेचिना, वसेचिना तिथे आले’ असं जोडून घ्या, आणि श्वास ‘तीन कुंभार’नंतर. ओळीच्या शेवटी थांबलात तर साखळी तुटते आणि ऐकणाऱ्याला निरर्थक यादी वाटते. कडव्यांची संख्या छापील प्रतींत कमीजास्त आहे. एकच प्रत धरा आणि तिचं नाव पानाखाली लिहा. शेवटचं ‘सद्गुरुवाचून कळेचिना’ सगळ्यांनी मिळून म्हणा.

मुरार कँटीन
वेळेचं गणित. दीड तासात आठ रचना म्हणजे प्रत्येकी अकरा मिनिटं, प्रस्तावना आणि प्रश्न धरले तर नऊ. पळापळ होईल. सहाच ठेवा. प्रत्येकी बारा मिनिटं: दोनदा वाचन तीन मिनिटं, उलगडा सहा, पुन्हा म्हणणं किंवा गाणं तीन. ती बहात्तर झाली. सुरुवातीला आठ, शेवटी प्रश्नांना दहा.

क्रम सोप्यातून अवघडाकडे नको, किल्लीवाल्यांकडून किल्ली नसलेल्यांकडे ठेवा. विंचू, सत्वर पाव, चदरिया, मुंगी, काऊ, घनु. काट्याची अणी गाळायची नसेल तर काऊ काढा.

दौलतगंजची ओसरी
मग तांबे?

आजीची पाटी
तांबे प्रस्तावनेत घ्या, दोन कडवी. नववधू सासरी निघाली, पुढे ‘माझे माहेर पंढरी’ची एक ओळ, आणि प्रश्न टाका: दोघींपैकी घरी कोण चाललीय? उत्तर देऊ नका. मुलं विंचवापासून घनुपर्यंत ते शोधत बसतील. ती कविता मरणाची की प्रीतीची हा वाद तिथे काढू नका, आठ मिनिटांत मिटणार नाही.

पाठभेद
पान छापताना एवढं बघा. ज्ञानदेव-मुक्ताबाईंच्या ओळींवरचे अनुस्वार प्रतीत आहेत तसेच ठेवा, ‘देखोनि’चं ‘देखून’ करू नका. कबिराची ओळ हिंदी वळणानेच लिहा. आपल्याकडचे टंकलेखक ‘कँवल’चं ‘कमळ’ करतात आणि मग ‘आठ कमळ दल’ वाचताना ठेका जातो. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको, समोर निम्मी मंडळी चष्म्याची आहेत. आणि पानाची मागची बाजू कोरी सोडा, रेघा मारायला लागेल.